उधळलेला घोडा आणि कावा

शिरोळच्या परिसरांत कृष्णा आणि पंचगंगा यांच्या कांठची काळी जमीन आहे. जवळच कुरुंदवाड हें पटवर्धनांच्या संस्थानाचें ठिकाण होतें; तें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. अशा सरदारी मुलखांत घोडा हें नित्याचें वाहन, आणि उधळलेला घोडा हें नित्याचें भय. आज घोडा आपणांस बहुधा वरातींत दिसतो. परंतु फटाक्यांनीं बुजला म्हणजे तो आजहि तसाच उधळतो. म्हणून जुन्या स्वारांची विद्या आजहि जाणून घेण्यासारखी आहे.

घोड्याची धांव ताब्यांत असतांनाहि किती घातक ठरूं शकते, याचीं उदाहरणें आपल्याच इतिहासांत आहेत. २३ जानेवारी १६६४ रोजीं बसवापट्टणजवळ होदिगेरे येथें शिकारीच्या पाठलागांत शहाजीराजांच्या घोड्याचा पाय वेलींत अडकला, आणि राजे पडून मृत्यु पावले. शिवाजीराजे त्या महिन्यांत सुरतेच्या स्वारींत होते. पुढें १९१८ सालीं छत्रपति शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव, राजकुमार शिवाजी, रानडुकराच्या शिकारींत घोड्यावरून पडून ऐन तारुण्यांत गेले. हे कांहीं नवशिके स्वार नव्हते. मग जेथें घोडाच स्वाराच्या हातचा गेला, तेथें संकट किती मोठें असेल!

घोडा मुळांत पळून जीव वांचविणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळें मागची हालचालहि त्यास बरीच दिसते, आणि भय वाटतांच तो आधीं पळतो. अशा वेळीं घाबरलेला स्वार दोन्ही हातांनीं लगाम सतत ओढून धरतो. घोड्यास मात्र त्यामुळें रेटण्यास आधारच मिळतो. तो मान ताठ करून अधिक वेगानें धांवतो. माणसाचें बळ घोड्याच्या बळास पुरें पडत नाहीं.

येथें कावा उपयोगी पडतो. ‘गनिमी कावा’ यांतला डावपेच हा अर्थ आपल्या ओळखीचा आहे. पण स्वारांच्या बोलींत कावा म्हणजे घोड्यास वर्तुळांत फिरविणें. घोडा उधळल्यास स्वारानें मांड पक्की करावी, टांचा खालीं दाबाव्या, पुढें झुकूं नये. एका हातानें आयाळीजवळ लगाम धरून दुसऱ्या हातानें एकाच बाजूचा लगाम ओढावा व सोडावा, पुन्हां ओढावा व सोडावा. मैदान मोकळें असल्यास आधीं मोठें वर्तुळ घ्यावें, मग तें हळूहळू लहान करावें. भरधांव घोड्यास एकदम वळविल्यास, विशेषतः ओल्या काळ्या मातींत, तो स्वारासह कोसळतो. ओरडूं नये, सावकाश, खालच्या सुरांत बोलावें. धांवत्या घोड्यावरून उडी टाकणें हा शेवटचाच उपाय. पडण्याची वेळ आलीच तर पाय आधीं रिकिबींतून मोकळे करावे, म्हणजे फरफट टळते.

सुमारें दोन हजार चारशे वर्षांपूर्वीं ग्रीक सेनानी झेनोफन यानें अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला. घोड्याशीं रागानें वागूं नये, आणि तापट घोड्यास एकाएकीं धक्का न देतां हळूहळू आवरावें, असें त्याचें सांगणें आहे. ग्रीस देशांतल्या आणि दख्खनेंतल्या स्वारांस अनुभवानें एकच धडा मिळाला.

मात्र खरें रक्षण स्वार होण्यापूर्वींच होतें. तंग ढिला नाहीं ना, लगाम व रिकीब मजबूत आहेत ना, हें पाहावें; आणि घोडा थांबण्यास व दोन्ही बाजूंस वळण्यास आधीं शिकविलेला असावा. शांतपणें वळण्याची संवय नसलेला घोडा भयाच्या क्षणीं ती कोठून आणणार?

रस्त्यावरील लोकांनीं हात पसरून समोर उभें राहूं नये, पाठलाग करूं नये. मुलांस बाजूस घेऊन वाट मोकळी करावी. वरातींत लहान मूल घोड्यावर बसविलें असेल, तर लगाम जाणत्या मोतद्दाराच्या हातीं असावा, आणि फटाके घोडा पुरता दूर गेल्यावरच वाजवावे.