रकान्यातले भांडवल

31 जुलै 2013 रोजी अमेरिकेतल्या कादंबऱ्या भांडवल झाल्या. हे विधान आम्ही विनोदाने करीत नाही. त्या दिवशी तिथल्या आर्थिक विश्लेषण कार्यालयाने राष्ट्रीय उत्पन्नाचे सुधारित आकडे प्रसिद्ध केले. पुस्तके, चित्रपट, ध्वनिमुद्रणे आणि दूरचित्रवाणीवरील काही कार्यक्रम यांच्या मूळ कृती घडविण्यावरचा खर्च त्यांत प्रथमच 'स्थिर गुंतवणूक' या सदराखाली आला. इमारती आणि यंत्रे ज्या सदरात पूर्वीपासून बसलेली होती, तेच हे सदर. हिशेब 1929 पर्यंत मागे नेऊन दुरुस्त करण्यात आला, त्यामुळे मंदीच्या काळात लिहिलेली एखादी कादंबरी ऐंशी वर्षांनी, पूर्वलक्ष्यी प्रभावाने, देशाची मत्ता ठरली.

साहित्य शिकविणाऱ्या माणसाला अशा बातमीने आनंद व्हावा की भीती वाटावी हे पटकन ठरत नाही. आम्हांला दोन्ही झाले, आणि मग कुतूहल वाटू लागले: एखादी गोष्ट 'खर्च' आहे की 'भांडवल', हे ठरविते कोण? उत्तर शोधत गेलो तेव्हा सिद्धान्ताच्या मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा एका रुक्ष सरकारी प्रश्नावलीने आम्हांला अधिक शिकविले.

दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकी सरकारपुढे एक प्रश्न होता. युद्धसामग्रीच्या मागण्या थांबल्या. आता कारखानदार स्वतःहून पैसा गुंतवतील की 1930 च्या दशकातील मंदी परत येईल? सायमन कुझनेट्स यांनी 1934 मध्ये सेनेटला राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल सादर केला होता, पण तो झालेल्या गोष्टींचा हिशेब होता. होणाऱ्या गोष्टींविषयी व्यावसायिकांनाच विचारायला हवे होते. म्हणून वाणिज्य खाते आणि रोखे-बाजारावर देखरेख ठेवणारा आयोग यांनी मिळून कंपन्यांना नियमित विचारणा सुरू केली: नव्या इमारती आणि यंत्रसामग्री यांवर तुम्ही किती खर्च केलात आणि पुढे किती करणार आहात? या आकड्यांची मालिका 1947 पासून सुरू होते. शेतीला त्यात स्थान नव्हते. यंत्र म्हणजे काय, इमारत म्हणजे काय, याविषयी मात्र कुणाला शंका नव्हती. ज्याला हात लावता येतो आणि जे वर्षभरात संपत नाही ते भांडवल. आपल्या 'भांडवल' या शब्दातही भांडे ऐकू येतेच. धरता-ठेवता येणारी वस्तू.

पुढे हे काम जनगणना कार्यालयाकडे गेले आणि 1990 च्या दशकात त्याला 'वार्षिक भांडवली खर्च पाहणी' हे रूप आले. दोन प्रकारच्या प्रश्नावल्या निघत. एक नोकर ठेवणाऱ्या कंपन्यांसाठी, दुसरी एकट्याने धंदा करणाऱ्यांसाठी. उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आणि दिलेले उत्तर गुप्त. इमारती नव्या की वापरलेल्या, यंत्रे नवी की वापरलेली, असे चार रकाने. जमीन वगळलेली, कारण जमीन कुणी निर्माण करीत नाही. देखभाल-दुरुस्तीही वगळलेली. या शेवटच्या वगळण्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. छप्पर नवे घातले तर भांडवल, गळके छप्पर दरसाल शाकारले तर नुसता खर्च. जे राखते त्याला रकाना नाही.

या सुबक व्यवस्थेत संगणकाची आज्ञावली शिरली तेव्हा खरी पंचाईत झाली. रॉबर्ट सोलो यांनी 1987 मध्ये टोमणा मारला होता की संगणकयुग सर्वत्र दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत तेवढे दिसत नाही. या विधानावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. पण एक साधे कारण असे की त्या आकड्यांत यंत्राची पेटी मोजली जात होती आणि तिच्यात चालणारे सॉफ्टवेअर बहुतांशी मोजले जात नव्हते. बँकेने संगणक घेतला की भांडवल वाढे. त्या संगणकाला बँकेचे व्यवहार शिकविणाऱ्या पन्नास माणसांचे दोन वर्षांचे पगार मात्र विजेच्या बिलाशेजारी जाऊन बसत.

हे बदलले ते दोन पावलांत. मार्च 1998 मध्ये अमेरिकी लेखापालांच्या संस्थेने नियम काढला. कंपनीने स्वतःच्या वापरासाठी सॉफ्टवेअर लिहवून घेतले तर प्राथमिक विचार-आराखड्याचा खर्च चालू खर्च; प्रत्यक्ष आज्ञावली लिहिण्याचा आणि तपासण्याचा खर्च भांडवली; माणसांना ते वापरायला शिकविण्याचा खर्च पुन्हा चालू खर्च. लिहिणाऱ्यांनी हा नियम एकदा सावकाश वाचावा. लिहिण्यापूर्वीचे चिंतन मत्ता नव्हे, लिहिलेले तेवढे मत्ता, आणि शिकविणे तर नव्हेच! शिक्षकी पेशातल्या माणसाने येथे उसासा टाकला तर त्याला क्षमा असावी.

दुसरे पाऊल ऑक्टोबर 1999 चे. आर्थिक विश्लेषण कार्यालयाने सॉफ्टवेअरला राष्ट्रीय हिशेबात गुंतवणूक म्हणून मान्यता दिली आणि आकडे 1959 पर्यंत मागे नेऊन बदलले. पाहणीच्या प्रश्नावलीतही सॉफ्टवेअरचे तीन वर्ग आले. बाजारातून तयार आणलेले, पुरवठादाराकडून मापाने शिवून घेतलेले आणि घरच्याच माणसांनी शिवलेले. पहिल्या दोहोंची पावती असते. तिसऱ्याची नसते, आणि इथे हिशेबनीस कवीइतकाच कल्पनेवर विसंबतो. पावती नाही, तर राष्ट्रीय हिशेबासाठी आज्ञावलीकारांचे पगार पाहायचे आणि त्यांचा साधारण निम्मा वेळ नवे लिहिण्यात गेला असे धरायचे. उरलेला निम्मा दुरुस्तीत आणि इतर कामांत, म्हणून तो सोडायचा. आमचा यावर आक्षेप नाही. कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण एवढ्या मोठ्या देशाच्या संपत्तीचा एक भाग 'निम्मा' या शब्दावर उभा आहे, हे ठाऊक असावे. 2003 पासून आणखी एक जोडपाहणी निघाली. ती संगणक व दळणवळण यंत्रणांवरचा भांडवली खर्च विचारी आणि त्यासोबत भांडवलात न धरलेला खर्चही. रकान्याबाहेर काय राहते याची जाणीव सरकारलाही होती, असे यावरून म्हणता येईल. 2013 च्या आकड्यांनंतर ती थांबली.

या इतिहासाचा एक धागा आपल्या घरापर्यंत येतो. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्या-मुंबईतले कितीतरी मराठी तरुण अमेरिकी कंपन्यांच्या जुन्या आज्ञावल्यांमध्ये वर्षाचे दोन आकडे काढून चार आकडे घालीत बसले होते. 'वाय-टू-के' म्हणून ते काम गाजले. लेखानियमाप्रमाणे अमेरिकी कंपन्यांच्या वह्यांत या कामाचा पैसा चालू खर्च म्हणून लिहायचा होता, कारण ती दुरुस्ती होती. नंतर त्याच तरुणांनी त्याच कंपन्यांसाठी नवी आज्ञावली लिहिली तेव्हा ती तिकडे भांडवल झाली आणि इकडे सेवा-निर्यात. एकाच मेजावरचे एकच टंकन. समुद्राच्या दोन तीरांवर त्याला दोन नावे.

आता पुन्हा 2013 कडे. सॉफ्टवेअरसाठी दार उघडल्यावर कादंबरीला बाहेर ठेवणे अवघड होते. तीही लिहिलेली, तीही एकदा लिहून अनेक वर्षे उत्पन्न देणारी. संयुक्त राष्ट्रांच्या 1993 च्या हिशेबपद्धतीने तर साहित्य-कलांच्या मूळ कृतींना हे स्थान आधीच देऊ केले होते. पण वर्षाहून अधिक टिकण्याची अट आली, आणि तिच्याबरोबर समीक्षाही आली. टिकाऊ नाट्यमालिका भांडवलात. बातम्या, क्रीडाप्रक्षेपणे आणि रोज दुपारी चालणाऱ्या घरगुती मालिका भांडवलाबाहेर. नाटकाची संहिता आत आणि शुभेच्छापत्रावरचे चित्रही आत. मग घसारा. चित्रपटाचे मूल्य दरसाल सुमारे 9 टक्क्यांनी घटते, पुस्तकाचे 12 टक्क्यांनी, ध्वनिमुद्रणाचे जवळजवळ 27 टक्क्यांनी, असे गणित बांधण्यात आले. अभिजाततेची चर्चा आपण वर्गात तासन् तास करतो. हिशेबनिसाने ती एका दशांशात उरकली. हे दर वाचकाला काय मिळते याचे नसून हक्कधारकाला काय मिळते याचे आहेत, एवढे मात्र विसरता कामा नये. ज्या कवितेला मानधन नाही तिचा घसाराही नाही, कारण ती यादीतच नाही.

वार्षिक भांडवली खर्च पाहणी आज त्या नावाने उरलेली नाही. 2024 मध्ये जनगणना कार्यालयाने ती इतर सहा पाहण्यांसह एका एकत्रित वार्षिक पाहणीत विलीन केली. जवळपास त्याच सुमारास भारताच्या सांख्यिकी मंत्रालयाने आपल्याकडची पहिली पाहणी हाती घेतली. खासगी कंपन्यांनी भांडवली खर्च किती केला आणि पुढे किती करण्याचा विचार आहे, हे नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात विचारण्यात आले आणि निष्कर्ष एप्रिल 2025 च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. 1947 चाच प्रश्न, पाऊणशे वर्षांनी. उत्तरांत 2024-25 च्या नियोजित खर्चापैकी निम्म्याहून अधिक वाटा यंत्रसामग्रीचा निघाला. इमारती त्याच्या खूप मागे.