या आठवड्यांत मुंबईंत काय पाहाल?

माझा एक भाचा कऱ्हाडास असतो. मागच्या आठवड्यांत त्याचा निरोप आला कीं, "मामा, सोमवारीं सकाळीं आम्ही चौघें मुंबईस येत आहों आणि रविवारीं रात्रींच्या गाडीनें परत फिरणार. या सात दिवसांत काय काय पाहावें, तें आपणच ठरवून ठेवा." सारें आयुष्य शाळेंत वेळापत्रकें आंखण्यांत घालविलेल्या मनुष्यास याहून आवडीची कामगिरी कोणती असणार? कागद घेतला, सात रकाने पाडले, आणि एकेका वारापुढें एकेक स्थळ लिहूं लागलों. परंतु लिहितां लिहितां एक गोष्ट ध्यानांत आली. जें जें स्थळ लिहावें, त्याचें दार आज आपल्यासाठीं उघडें आहे खरें. पण तें केव्हां उघडलें, कोणीं उघडलें, आणि त्यापूर्वीं त्या दाराबाहेर कोण उभें होतें, हें सांगितल्यावांचून नुसतें स्थळ दाखवून पाहुण्यांस परत पाठविणें मला प्रशस्त वाटेना. यादी तशीच अर्धवट राहिली. श्रोतेहो, आज तीच तुमच्यापुढें ठेवतों.

बरोबर लहान मुलें आहेत, तेव्हां आरंभ भायखळ्याच्या राणीच्या बागेपासून व्हावयाचा हें ठरलेलेंच. तिचें नांव आतां वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें झालें आहे आणि तें योग्यच झालें. तथापि ट्रामच्या दिवसांपासून तोंडीं बसलेलें नांव सहजासहजीं जात नाहीं. ही बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्तें खुली झाली. प्रथम ती झाडाझुडपांचीच बाग होती. प्राणिसंग्रहासाठीं तिचा विस्तार झाला तो १८९० सालीं. हा सन कृपा करून स्मरणांत ठेवावा, पुढें त्याचें काम पडणार आहे.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. मोठ्या माणसांनीं प्राण्यांपेक्षां तेथें अधिक वेळ द्यावा, असें माझें मत आहे. या संग्रहालयाची जन्मकथा कोणा श्रोत्यास ठाऊक नसल्यास ऐकण्यासारखी आहे. सरकारनें जमविलेला वस्तुसंग्रह पूर्वीं कोटांतील लष्करी बराकींत ठेवलेला होता. १८५७ सालीं उत्तरेकडे उठाव झाला, सैन्यासाठीं जागेची निकड लागली आणि त्या संग्रहास बराकींतून हलावें लागलें. डॉ. जॉर्ज बर्डवुड नांवाच्या गृहस्थांनीं तो टाउन हॉलमध्यें नेऊन कसाबसा सांभाळला. पुढल्याच वर्षीं त्यांनीं, जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नानांनीं आणि डॉ. भाऊ दाजींनीं शहरांतील लोकांस एकत्र करून वर्गण्या जमविण्यास प्रारंभ केला. पाया १८६२ सालीं घातला गेला; परंतु मध्यंतरीं अमेरिकेंतलें युद्ध संपलें, कापसाचे भाव कोसळले, १८६५ सालीं मुंबईंत पेढ्यांवर पेढ्या बुडाल्या आणि काम रखडलें. इमारत लोकांस खुली झाली ती १८७२ सालीं. नांव दिलें गेलें राणी व्हिक्टोरिया आणि तिचे पति आल्बर्ट यांचें. ज्यांनीं त्यासाठीं दारोदार खटपट केली त्यांपैकीं एकाचें नांव त्या दारावर चढावयास १९७५ साल उजाडावें लागलें.

संग्रहालयाच्या आवारांत एक भला मोठा दगडी हत्ती उभा आहे. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनीं घारापुरी बेटास एलिफंटा हें नांव दिलें. १८६४ सालीं तो विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. पण उचलतांना यारी तुटली, हत्ती खालीं पडून त्याचे तुकडे झाले, आणि म्हणूनच तो आपल्या येथें राहिला. ते तुकडे सांधून १९१४ सालीं त्यास पुन्हा उभें करण्यांत आलें. मुलांस ही गोष्ट फार आवडते. हत्तीचे सांधे शोधण्यांत त्यांचा अर्धा तास सहज जातो.

येथें एक व्यावहारिक सूचना. बाग आणि संग्रहालय हीं दोन्ही बुधवारीं बंद असतात. मीं स्वतः एकदां चाळीस विद्यार्थी रांगेनें नेऊन बुधवारींच फाटकासमोर उभे केले आहेत. गजांतून जेवढी बाग दिसली तेवढी मुलांनीं पाहिली, डबे फुटपाथावर बसून खाल्ले आणि आम्ही परतलों. पुढें कित्येक वर्षें त्यांतला कोणी भेटला कीं तो त्या बुधवारचीच आठवण काढी. पुन्हा रीतसर नेऊन दाखविलेले प्राणी मात्र कोणाच्या ध्यानांत राहिले नव्हते.

मंगळवारच्या रकान्यांत मीं एक मोडकी इमारत लिहिली आहे. भाच्यास हें विचित्र वाटेल. काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन म्हणून जी लोखंडी सांगाड्याची इमारत आहे, तेंच एके काळचें वॉटसनचें हॉटेल. तिचा सांगाडा इंग्लंडांत ओतून जहाजानें आणलेला. २०१९ सालीं धोक्याची म्हणून ती रिकामी करण्यांत आली, तेव्हां ती समोरच्या फुटपाथावरूनच पाहावयाची. परंतु ७ जुलै १८९६ या दिवशीं याच ठिकाणीं ल्युमिएर बंधूंच्या माणसांनीं हिंदुस्थानांत पहिल्यानेंच हलतीं चित्रें दाखविलीं. लहान लहान सहा चित्रें होतीं. एकांत स्टेशनांत शिरणारी आगगाडी. दुसऱ्या एकांत कारखान्याच्या दारांतून सुटून बाहेर पडणारे कामकरी. तिकीट एक रुपया. गिरणींत राबणाऱ्या मुंबईकरास एका दिवसाच्या मजुरींत एक रुपया मिळत नसे. म्हणजे फ्रान्सांतले कामकरी सुटून घरीं जातांना पडद्यावर दिसत होते. परळ-भायखळ्याच्या गिरण्यांतून सुटणाऱ्या कामकऱ्यास तें पाहण्याची ऐपत नव्हती.

ही स्थिति मात्र फार दिवस टिकली नाहीं, आणि मुंबईचा विशेष मला यांतच दिसतो. आठवडा उलटला नाहीं तोंच, १४ जुलैपासून, हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरांत होऊं लागले. तेथें सर्वांत हलकें तिकीट चार आण्यांचें होतें आणि पडद्यांतील स्त्रियांसाठीं निराळ्या बैठका राखलेल्या होत्या. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर या आपल्या मराठी छायाचित्रकारास त्या चित्रांनीं असें वेड लावलें कीं, त्यांनीं विलायतेहून यंत्र मागविलें आणि १८९९ सालीं हँगिंग गार्डनमध्यें झालेल्या एका कुस्तीचें चित्र घेतलें. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत लागला हें तर शाळेंतल्या मुलांसही ठाऊक असतें. भाच्याचे चिरंजीव चित्रपट पाहण्याचा हट्ट धरणारच. तेव्हां आधीं वॉटसनचें हॉटेल, मग चित्रपट, असा क्रम मीं लावून ठेवला आहे.

बुधवारीं नाटक. याविषयीं फार लिहीत नाहीं, कारण दादरच्या शिवाजी मंदिरांत कोणतें नाटक लागलें आहे तें वर्तमानपत्रांत पाहून ठरवावयाचें. एवढेंच सांगतों कीं, पूर्वीं कोटांत इंग्रजांचें एक नाटकगृह होतें. तें बंद पडल्यावर शहराबाहेर ग्रँट रोडला नानांनीं दिलेल्या जागेवर १८४६ सालीं नवें नाटकगृह उभें राहिलें. इतक्या दूर, ओसाड रस्त्यानें, साहेब लोक हौसेनें येईनात. देशी लोकांस मात्र तें जवळ होतें. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनीं १८५३ सालीं तेथें मराठी नाटकें केलीं आणि त्याच सुमारास पारशी मंडळींचींही नाटकें सुरू झालीं. जी जागा एकांस गैरसोयीची, ती दुसऱ्यांस कशी फळली, याचें हें उदाहरण आहे.

गुरुवारीं मैदानें. ओव्हल, क्रॉस आणि आझाद या तिन्ही मैदानांवरून दुपारीं चार वाजतां सावकाश चालत जावें. एकाच वेळीं इतके डाव चाललेले असतात कीं, कोणत्या डावांतला क्षेत्ररक्षक कोठें उभा आहे तें नवख्यास उमजत नाहीं. आणि हें सर्व फुकट. पण ही हिरवळही आयती मिळालेली नाहीं. १८८० च्या सुमारास येथें पारशी आणि हिंदु तरुण क्रिकेट खेळत. त्याच जमिनीवर आठवड्यांतून दोनदां गोरे अधिकारी घोड्यांवरून पोलो खेळत, आणि घोड्यांच्या टापांनीं जमिनीस असे खळगे पडत कीं, दुसऱ्या दिवशीं चेंडूचा कांहीं भरवसा राहत नसे. साहेबांच्या जिमखान्याचें स्वतःचें क्रिकेटचें मैदान मात्र राखलेलें असे! १८८१ सालीं या तरुणांनीं सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. पुढें कित्येक वर्षें अर्ज, नकार, सवलत, पुन्हा नकार असा खेळ चालला. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनीं त्या झगड्याची हकिकत १८९७ सालीं पुस्तकरूपानें छापून ठेवली. पुढें समुद्राकांठीं पारशी, मुसलमान आणि हिंदु जिमखान्यांस जागा मिळाल्या.

येथें आपल्याही पदरांतलें माप पाहिलें पाहिजे. सारा दोष साहेबावर टाकून मोकळें होणें बरें नव्हे. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजांतले, डाव्या हाताचे असामान्य गोलंदाज. १९०६ सालीं हिंदूंच्या संघानें मुंबईंत गोऱ्यांच्या संघास हरविलें, त्यांत त्यांचा मोठा वाटा होता. चेंडू टाकण्यास त्यांचा हात चाले. पण पुण्यास असतांना त्यांस चहा मंडपाबाहेर, निराळ्या भांड्यांत दिला जाई. संघाचें रीतसर कर्णधारपद त्यांस कधींच मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं मिळालें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस. मैदानाचें दार साहेबानें अडविलें होतें, मंडपाचें आपण.

शुक्रवार आणि शनिवार मीं समुद्रासाठीं आणि खरेदीसाठीं सोडले आहेत; भाच्याची सौभाग्यवती माझ्या इतिहासास किती दिवस सोशील याचीही मर्यादा आहे. एक दिवस घारापुरीची लेणीं करावींत असा विचार आहे. तेथें सोमवारीं सुट्टी असते, तेव्हां शनिवार बरा.

राहिला रविवार. आणि येथें माझी लेखणी अडली. कारण आतांपर्यंत मीं दारांचा विचार केला, वाराचा केलाच नव्हता. बाग १८६२ सालीं उघडली, संग्रहालय १८७२ सालीं उघडलें, हें सर्व खरें. पण गिरणींतल्या माणसानें तेथें जावयाचें केव्हां? त्यास आठवड्यास ठराविक सुट्टीच नव्हती. पहांटे अंधारांत जावयाचें, दिवस मावळल्यावर परतावयाचें. सण आले तर सुट्टी, आणि यंत्रें पुसावयाचीं असलीं तर त्या रिकाम्या दिवशींही हजेरी.

हा वार ज्यांनीं मिळवून दिला त्यांचें नांव नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८ सालीं ठाण्यास. जोतीराव फुले यांचे सहकारी, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. स्वतः एका गिरणींत नोकरी केलेले, म्हणून त्यांस आंतली स्थिति ठाऊक. सप्टेंबर १८८४ मध्यें त्यांनीं परळला कामकऱ्यांच्या सभा भरविल्या आणि पांच हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या पाहा किती साध्या होत्या: रविवारीं सुट्टी, दुपारीं अर्धा तास विसांवा, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आंत, आणि यंत्रावर इजा झाल्यास भरपाई. सूर्यास्तापर्यंत काम करावयास ते राजीच होते! तरीही उत्तरास सहा वर्षें लागलीं. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामकरी जमले. दोन कामकरी स्त्रियांनींही तेथें भाषणें केलीं. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या मंडळानें रविवारची सुट्टी मान्य केली. पुढल्या वर्षींच्या कारखान्यांच्या कायद्यांत साप्ताहिक सुट्टी आली.

१८९० हा सन मीं स्मरणांत ठेवावयास सांगितला होता. राणीच्या बागेंत प्राणी आले तें हेंच साल. गिरणगांवच्या मुलांनीं बापाच्या खांद्यावर बसून वाघ पाहिला असेल तो त्यानंतरच, रविवारींच.

मीही तसाच पाहिला आहे. माझे वडील लालबागेंतल्या एका गिरणींत होते. रविवारीं दुपारीं आमच्या चाळींतील खोलीवर गांवाकडचीं माणसें जमत, आणि मला चौथी-पांचवीपासून त्यांचीं घरीं धाडावयाचीं पत्रें लिहावयास बसवीत. शिक्षकाचा पेशा मीं बहुधा तेथेंच पत्करला. पत्रें संपलीं कीं वडील मला बागेंत नेत. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील पुन्हा गिरणींत गेले नाहींत. पहिल्या रविवारीं त्यांनीं नेहमींप्रमाणें दाढी केली, कपडे केले. पुढें पुढें तेंही सुटलें, कारण सातही वार सारखेच झाले होते.

भाच्यास हें कांहीं ठाऊक नाहीं. त्याचे वडील गांवींच राहिले. रविवारच्या रकान्यांत मीं शेवटीं लिहिलें आहे: सकाळीं आठ वाजतां परळ. तेथें आतां धुरांडीं फार थोडीं उरलीं आहेत, आणि आमच्या चाळीच्या जागीं उंच इमारत उभी आहे. तरी पायीं फिरून जेवढें दाखवितां येईल तेवढें दाखवावयाचें, दुपारीं घरीं जेवून थोडी विश्रांति घ्यावयाची, आणि रात्रीं त्यांस गाडींत बसवून द्यावयाचें.