सुती अंग, रेशमी पदर

सोलापुरांत कापसाच्या गिरणीचा पाया १८७४ सालीं घातला गेला. लोक तिला ‘जुनी गिरणी’ म्हणत. गिरण्यांतून खळ देऊन, तापलेल्या रुळांखालीं दाबून निघालेलें कापड गुळगुळीत असे. परंतु पहिल्याच धुण्यांत ती तकाकी जाई. मग घरोघरीं धोतराची घडी अंथरुणाखालीं ठेवावी, अथवा पितळी तांब्यांत निखारे भरून तो सदऱ्यावरून फिरवावा, हाच उपाय. ‘इस्त्री’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला असें मानतात. मूळ अर्थ ताणणें. हेन्री सीली यांनीं अमेरिकेंत १८८२ सालीं विजेच्या इस्त्रीचें पेटंट घेतलें, तरी आपल्याकडील परिटानें कोळशाची इस्त्री सहजासहजीं सोडली नाहीं.

आतां वाफेचें यंत्र घरांत आलें आहे. तेव्हां इस्त्री टाकून द्यावी काय? सुती कापडापुरतें तरी नको. कापसाचे तंतु ओलावा व उष्णता यांनीं सैल होतात खरे, पण त्याच स्थितींत दाबून सुकविल्यावांचून सरळ राहत नाहींत. वाफ सैल करते, दाबीत नाहीं. सोलापूरच्या कोरड्या उन्हांत कडकडीत वाळलेल्या धोतरावर आधीं पाणी शिंपडतात तें याचसाठीं.

खरी पंचाईत इरकली लुगड्याची. पुष्कळ इरकलींचें अंग सुती, पदर रेशमी. अंगाला जी इस्त्री मानवते, तिनेंच पदर करपतो. गृहिणीनें अंगावर बेलाशक इस्त्री फिरवावी. पदरास मात्र लांबून वाफ द्यावी, किंवा तो उलटा करून, वर सुती फडकें घालून कोमट इस्त्रीनें हलकेच दाबावा.