शालेय इतिहास अध्यापनात अस्सल साधनांचे स्थान : सातारच्या प्रतिसरकारच्या संदर्भात

प्रस्तावना :
आधुनिक भारताचा इतिहास शाळांतून बहुधा सनावळ्या व नावे यांच्या आधारे शिकविला जातो. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने अध्यापन पाठांतरापासून दूर नेण्याचा आग्रह धरला. त्यासाठी लागणारी साधने अनेकदा शाळेच्या परिसरातच उपलब्ध असतात. विटा परिसराबाबत हे विशेषत्वाने खरे आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारचे कार्य तत्कालीन सातारा जिल्ह्याच्या याच भागात चालले.

वस्तू आणि पुरावा :
जुनी वस्तू वर्गात दाखविली, एवढ्याने इतिहास शिकविला जात नाही. ती कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने तयार केली, हे प्रश्न विचारल्यावरच ती इतिहासाचे साधन ठरते. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट देण्यात आले. असा ताम्रपट अस्सल असतो. मात्र तो लढ्यातील प्रसंगाचा समकालीन पुरावा नव्हे. स्वतंत्र राष्ट्राने त्या कार्याला दिलेल्या मान्यतेचा तो पुरावा होय. हा भेद विद्यार्थ्यांना समजणे महत्त्वाचे आहे.

दुसरे उदाहरण शेणोलीचे. ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने तेथे रेल्वेची पगाराची गाडी अडवून रक्कम ताब्यात घेतली. ब्रिटिश शासनाच्या दृष्टीने हा दरोडा होता. कॅप्टन भाऊ लाड यांना मात्र ‘लूट’ हा शब्दच मान्य नव्हता. इंग्रजांनी जनतेकडून लुटलेला पैसा परत आणला, अशी त्यांची भूमिका होती. शेणोलीतील स्मारक पाहताना या दोन्ही बाजू समोर ठेवल्यास विद्यार्थी शब्दांमागील सत्तासंबंध ओळखू शकतात.

साधनांच्या मर्यादा :
१९४३ मध्ये भवानीनगर येथे पोलिसांचे लक्ष वेधण्यासाठी नाना पाटील यांच्या कन्या हौसाताई यांनी नवऱ्याकडून मार खाणाऱ्या पत्नीचे सोंग घेतले. तेवढ्यात सहकाऱ्यांनी शस्त्रे पळविली. अशा कृतीची वस्तुरूप खूण सहसा मागे उरत नाही. ती साक्षीतूनच कळते. हौसाताईंचे २०२१ मध्ये, तर कॅप्टन भाऊंचे २०२२ मध्ये निधन झाले. वस्तूंचा अर्थ सांगणारी पिढी अस्तंगत होत आहे.

निष्कर्ष :
वस्तू मूळ कुटुंबाकडेच ठेवून तिचे छायाचित्र, मालकी, काळ व सांगणाऱ्याची माहिती यांची नोंदवही शाळांनी ठेवावी. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी त्या नोंदींची चिकित्सा करावी. हे काम लांबल्यास वस्तू उरतील, परंतु त्यांचा इतिहास उरणार नाही.