बोरघाटातील वेगमर्यादा : लोहमार्ग ते द्रुतगती मार्ग

प्रस्तावना :
मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात प्रारंभी ताशी 80 कि.मी. व पुढे हलक्या प्रवासी वाहनांसाठी ताशी 100 कि.मी. अशी वेगमर्यादा ठरविण्यात आली. बोरघाटाच्या टप्प्यात मात्र ती दीर्घकाळ ताशी 50 कि.मी. इतकी कमी राखण्यात आली. वेगासाठीच बांधलेल्या मार्गावर वेग निम्मा करण्याची ही सक्ती अनेक वाहनचालकांना जाचक वाटते व ती सर्रास मोडली जाते. याचे खापर सामान्यतः चालकांच्या बेशिस्तीवर फोडले जाते. परंतु याच घाटात लोहमार्गाने दीड शतकाहून अधिक काळ वेगावर नियंत्रण ठेवले आहे. तो अनुभव लक्षात घेता बेशिस्तीचे स्पष्टीकरण अपुरे ठरते. प्रस्तुत लेखात या दोन व्यवस्थांचा तौलनिक विचार केला आहे.

घाटमार्गाची पार्श्वभूमी :
कोकण व देश यांना जोडणारा बोरघाट हा प्राचीन मार्ग आहे. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, 1830 मध्ये, येथे चाकांच्या वाहनांसाठी बांधीव रस्ता खुला झाला. घाटाची वाट दाखविणाऱ्या शिंग्रोबा धनगराची आख्यायिका व जुन्या रस्त्यावरील त्याचे देऊळ सर्वपरिचित आहे. तेथे क्षणभर थांबून नाणे वाहण्याची प्रवाशांची रीत होती. तिचा हेतू श्रद्धेचा असला तरी अवघड वाटेवर थांबण्याची सवय तिने जोपासली, असे म्हणता येईल.

लोहमार्गाची व्यवस्था :
ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1863 मध्ये बोरघाटातील लोहमार्ग वाहतुकीस खुला केला. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या योजनेनुसार बांधलेल्या या मार्गाचा तीव्रतम चढ 37 फुटांस 1 फूट इतका होता. गाडी वर नेण्यापेक्षा ती सुखरूप खाली आणणे अधिक बिकट होते. त्यासाठी उतरणाऱ्या गाडीने ठरावीक ठिकाणी थांबून ब्रेकची तपासणी करणे बंधनकारक झाले. वाटेत ‘कॅच सायडिंग’, म्हणजे मुख्य मार्गापासून फुटून डोंगराकडे चढत जाणाऱ्या मार्गिका, ठेवण्यात आल्या. येथील सांधे मूलतः या मार्गिकेकडेच वळविलेले असत. गाडी ताब्यात असून थांबली आहे, याची खात्री पटल्यावरच मुख्य मार्ग मोकळा केला जाई. ताबा सुटलेली गाडी आपोआप चढावर जाऊन थांबावी, अशी ही योजना होती.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. वेग कमी ठेवण्याची जबाबदारी रेल्वेने केवळ चालकाच्या विवेकावर सोपविली नाही. सांधे, थांबे व तपासणी यांत ती विभागून दिली. माणूस चुकणार, हे या व्यवस्थेने गृहीत धरले होते.

द्रुतगती मार्ग व कायदा :
महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची स्थापना 1996 मध्ये झाली. महामंडळाने बांधलेला 94.5 कि.मी. लांबीचा सहा पदरी द्रुतगती मार्ग 2000 पासून टप्प्याटप्प्याने खुला होऊन 2002 मध्ये पूर्ण झाला. घाटातील काही अंतरात हा मार्ग व जुना महामार्ग एकत्र येतात. परिणामी मोटारी, बसगाड्या, मालमोटारी व टँकर यांची गर्दी याच उतारावर होते. 1830 मधील अमृतांजन पुलाखालील अरुंद वाटेने या अडचणीत भर घातली होती. तो पूल एप्रिल 2020 मध्ये पाडण्यात आला.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 112 नुसार सार्वजनिक सुरक्षितता, सोय अथवा रस्त्याचे वा पुलाचे स्वरूप लक्षात घेऊन राज्य शासनास विशिष्ट रस्त्यावर कमाल वेग ठरविता येतो. त्यासाठी अधिसूचना व वाहतूक चिन्हे आवश्यक मानली आहेत. उल्लंघनासाठी मूळ अधिनियमात पहिल्या गुन्ह्यास 400 रुपयांपर्यंत दंड होता. 2019 च्या दुरुस्तीने तो हलक्या वाहनांसाठी 1000 ते 2000 रुपये व मध्यम आणि जड वाहनांसाठी 2000 ते 4000 रुपये केला. म्हणजे कायद्याचा भर फलक व दंड यांवर राहिला. रेल्वेची तिसरी बाजू, म्हणजे चूक सामावून घेणारी रचना, येथे दुय्यम राहिली.

मर्यादेमागील कारणमीमांसा :
वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 80 ऐवजी 50 कि.मी. वेग असल्यास ब्रेकने शोषावयाची ऊर्जा सुमारे 39 टक्क्यांवर येते. लांब उतारावर सतत दाबलेले ब्रेक तापतात व त्यांची पकड क्षीण होते. त्यातच डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय असेल, तर इंजिनाचा रोधही नाहीसा होतो. अशी अवजड गाडी पुढील मोटारींवर आदळते, तेव्हा त्या मोटारीतील प्रवाशाने नियम पाळला होता किंवा नाही, याला अर्थ उरत नाही. एकाच्या घाईची किंमत दुसरा मोजतो. म्हणूनच हा प्रश्न वैयक्तिक साहसाचा नसून सार्वजनिक न्यायाचा आहे.

या मर्यादेने होणारा वेळेचा तोटा किती, हेही पाहावे. दहा कि.मी. अंतरास ताशी 80 कि.मी. वेगाने साडेसात मिनिटे व 50 कि.मी. वेगाने बारा मिनिटे लागतात. वादाचा सारा विषय साडेचार मिनिटांचा आहे. परंतु फलकावर केवळ आकडा असतो. त्यामागील कारण नसते. कारण न उमगलेला नियम चालकाला दंडवसुलीचे निमित्त वाटतो.

2024 मध्ये या मार्गावर कार्यान्वित झालेल्या आधुनिक वाहतूक व्यवस्थापन प्रणालीत दोन ठिकाणांमधील सरासरी वेग मोजण्याची सोय आहे. कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबून पुन्हा वेग घेणे त्यामुळे निष्फळ ठरते. संपूर्ण टप्प्यावर नियंत्रण ठेवण्याचे रेल्वेचे तत्त्व येथे वेगळ्या स्वरूपात परतले आहे. मात्र कॅमेरा दोषी वाहन शोधतो. ब्रेक निकामी झालेले वाहन थांबवीत नाही.

समारोप :
लोहमार्गावर प्रशिक्षित कर्मचारी असतात, तर रस्ता सर्वांस खुला असतो. ही तुलना त्यामुळे मर्यादित अर्थाने घ्यावी लागते. तथापि, ज्या ठिकाणी प्रशिक्षित चालकावरही एकट्याने भिस्त ठेवण्यात आली नाही, तेथे सामान्य चालकावर ती ठेवणे अधिकच असमर्थनीय ठरते. उतारापूर्वी जड वाहनांची सक्तीची ब्रेक-तपासणी, ताबा सुटलेल्या वाहनांसाठी खडीच्या चढत्या मार्गिका व मर्यादेचे कारण सांगणारे मराठी-हिंदी फलक यांची जोड वेगमर्यादेस मिळाली पाहिजे. घाट टाळणाऱ्या 13.3 कि.मी. लांबीच्या ‘मिसिंग लिंक’चे काम 2019 मध्ये हाती घेण्यात आले, परंतु राज्यातील इतर घाटांना असे पर्याय सहजी मिळणार नाहीत. तेथे बोरघाटाच्या लोहमार्गाचा धडाच मार्गदर्शक ठरेल : माणूस चुकेल हे आधी मान्य करावे आणि मगच मर्यादेचा आकडा लिहावा.