किरणांच्या वाटेतली पांढरी पेशी

क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम आठ वर्षं झाली होती. १९०३ च्या सुमारास लाइपझिगमध्ये हर्मान हाइनेके हा डॉक्टर छोट्या प्राण्यांना किरणांखाली ठेवायचा आणि मग त्यांचे अवयव कापून पाहायचा. कातडीवर भाजल्याची खूण उमटायच्या आतच प्लीहा आणि लसिकाग्रंथींत धूळधाण उडालेली असे. सूक्ष्मदर्शकाखाली लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींची केंद्रकं काही तासांतच तुकडे तुकडे होऊन पडलेली दिसत. शरीरातल्या इतक्या पेशी सोडून किरणांनी पहिला बळी घेतला तो या इवल्याशा गोल पेशीचा.

डॉक्टरांना त्यात लगेच औषध दिसलं. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तो रोग ल्युकेमिया. मग किरणांनीच त्या का मारू नयेत? शिकागोच्या निकोलस सेन यांनी १९०३ मध्ये हा प्रयोग रुग्णावर केला. सुजलेली प्लीहा ओसरली, पेशींचे आकडे उतरले. अशा सुधारणा टिकत नसत, हे पुढे कळलं. पण या पेशी मुळात शरीरात करतात तरी काय, हा प्रश्न तेव्हा कोणाला फारसा पडला नाही.

१९०६ मध्ये बोर्दोच्या बेर्गोनिए आणि त्रिबाँदो यांनी नियम मांडला: जी पेशी झपाट्याने विभागते, ती किरणांना लवकर बळी पडते. किरणोपचाराचा सगळा धंदा पुढे या एका वाक्यावर उभा राहिला, कारण कर्करोगाची पेशी सारखी विभागत राहते. लिम्फोसाइट मात्र या नियमाला सणसणीत अपवाद निघाली. रक्तात स्वस्थ फिरणारी, विभागायचं नावही न घेणारी ही पेशी दीड-दोन ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) इतक्या मात्रेनेच निम्म्या संख्येने मरते. घन गाठ मोडायला ६०-७० ग्रे लागतात, हे लक्षात घेतलं की तिची नाजूक प्रकृती कळते. विभाजनाची वेळ येईपर्यंतही ती थांबत नाही. डीएनए तुटला की स्वतःच स्वतःला संपवते.

या पेशीची बाजू पहिल्यांदा लावून धरली ती न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या जेम्स मर्फी यांनी. उंदराची गाठ कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर लावली की ती मजेत वाढते, हे त्यांना दिसलं. गर्भाला आपलं-परकं कळत नाही. पण त्याच गर्भावर मोठ्या कोंबडीच्या प्लीहेचा एक तुकडा ठेवला की गाठ आक्रसून जाई, आणि तिच्याभोवती लिम्फोसाइटचा घोळका जमलेला असे. उलट बाजूने, मोठ्या प्राण्याच्या लिम्फोसाइट क्ष-किरणांनी मारून टाकल्या, की एरवी जी परजातीची गाठ तो काही दिवसांत फेकून देईल, तीही त्याच्या अंगात रुजे.

मर्फी यांचा खरा धाडसी प्रयोग १९१५ चा. उंदराची स्वतःची गाठ काढायची, उंदराला किरणांची छोटी मात्रा द्यायची आणि तीच गाठ त्याच्या अंगात परत बसवायची. किरणांचा स्पर्शही न झालेली ती गाठ जवळपास निम्म्या उंदरांत पुन्हा धरली नाही. किरण न दिलेल्या उंदरांत मात्र ती बहुतेक सगळीकडे धरली. म्हणजे मात्रा मोठी असेल तर किरण शिपाई मारतात, आणि छोटी असेल तर बहुधा त्यांना जागं करतात. १९२६ मध्ये त्यांनी यावर ग्रंथच लिहिला.

त्याचं पुढे काय झालं? फारसं काही नाही. मर्फी यांनी दाखवलेला पुष्कळसा प्रतिकार कर्करोगाविरुद्धचा नसून परक्या उंदराच्या मांसाविरुद्धचा होता, असा आक्षेप आला, आणि तो मोठ्या अंशी रास्तही होता. फक्त १९१५ च्या प्रयोगाला तो लागू होत नव्हता, कारण तिथे गाठ उंदराची स्वतःची होती. पण एवढा फरक करत बसायला कोणाला सवड नव्हती. लिम्फोसाइटचं काम काय, याचं समाधानकारक उत्तर ऑक्सफर्डच्या जेम्स गोवन्स यांच्या प्रयोगांनंतर, म्हणजे १९६० च्या आसपास मिळू लागलं. तोवर मर्फी यांना जाऊन दहा वर्षं झाली होती.

दरम्यान किरणोपचाराची रीत पक्की झाली होती. पॅरिसच्या रेडियम संस्थेत क्लोद रेगो यांनी मेंढ्याच्या वृषणांवर किरण सोडून पाहिले. एकदम मोठी मात्रा दिली तर कातडी जळे. तीच मात्रा काही दिवसांत विभागून दिली तर कातडी वाचे आणि आतल्या शुक्रपेशी संपत. आंरी कुतार यांनी हीच रीत घशाच्या कर्करोगाला लावली. रोज दोन ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे हा जगभरचा रिवाज झाला. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. तिथल्या आवारात आजही कोणी नातेवाईक ‘तीस शेक सांगितलेत’ म्हणतो, तेव्हा त्या तीसच्या मुळाशी रेगो यांचा मेंढा असतो. ही रीत बेतली गेली ती कातडीला जपण्यासाठी. रक्ताचा हिशेब तीत कुठेच नव्हता.

रक्ताचा हिशेब मांडला तो अणुयुगाने, पण वेगळ्याच कामासाठी. हिरोशिमानंतर किरणबाधेचा अभ्यास सुरू झाला आणि लिम्फोसाइट मोजपट्टी बनली: पहिल्या दोन दिवसांत त्यांची संख्या किती कोसळली, यावरून माणसाच्या अंगात किती किरण गेले ते ठरवायचं. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अग्निशामकांपैकी कोण किती गंभीर, हे ठरवताना हाच आकडा कामी आला. जिला शिपाई म्हणून कोणी विचारलं नव्हतं, तिची नोंद मरणाच्या खात्यात मात्र चोख ठेवली गेली.

१९५३ मध्ये ब्रिटनच्या आर. एच. मोल यांनी एका विचित्र गोष्टीला ‘ॲब्स्कोपल’ असं नाव दिलं: किरण एका जागी द्यावेत आणि परिणाम दुसऱ्याच जागी दिसावा. अशा घटना क्वचित घडत, म्हणून त्या किस्से म्हणूनच राहिल्या. ठोस आकडा आला १९७९ मध्ये. हेलन स्टोन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या एका गाठीवर मोजमाप केलं. निम्मे उंदीर बरे व्हायला ३० ग्रे पुरत होते. ज्यांच्या टी-पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार, आधीच काढून टाकल्या होत्या, त्यांना ६४.५ ग्रे लागले. यंत्र तेच, गाठ तीच, आणि मात्रा दुपटीहून अधिक! किरणोपचाराच्या यशात अर्धा वाटा ज्यांचा असू शकतो, त्यांनाच किरण मारत होते. हा निबंध त्या वेळी खळबळ माजवायला हवा होता, पण त्याची खरी चर्चा व्हायला वीस-पंचवीस वर्षं जावी लागली.

ती चर्चा घडवली न्यूयॉर्कच्या सिल्व्हिया फोर्मेंटी आणि सँड्रा डेमारिया यांनी. दूरच्या गाठी ओसरतात त्या टी-पेशींमुळे, हे २००४ मध्ये त्यांच्या गटाने उंदरांत दाखवलं. किरणांनी मरणारी कर्कपेशी आपल्या आतला तुटका डीएनए आणि खुणेची प्रथिनं बाहेर टाकते. जवळच्या लसिकाग्रंथीत त्यांची ओळख पटवली जाते आणि टी-पेशींची नवी फौज निघते. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधल्याच मेलानोमाच्या एका रुग्णाची हकिकत छापून आली. टी-पेशींचा लगाम सोडवणारं इपिलिमुमॅब हे औषध चालू असताना रोग हळूहळू वाढतच होता. मणक्याजवळच्या दुखऱ्या गाठीला तीन हप्त्यांत २८.५ ग्रे दिले, आणि काही महिन्यांनी प्लीहेतल्या, छातीतल्या, किरणांच्या वाटेत नसलेल्या गाठीही आटल्या.

लगेच सगळीकडे किरण आणि अशा औषधांच्या जोड्या लावण्याची अहमहमिका लागली. फुप्फुसाच्या कर्करोगात ती फळली: २०१७ मध्ये केमो-किरणोपचारानंतर दुर्व्हालुमॅब दिलेल्या रुग्णांत रोग पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यकाळ ५.६ वरून १६.८ महिन्यांवर गेला. डोके-मानेच्या कर्करोगात जवळपास ७०० रुग्णांवरची अव्हेलुमॅबची चाचणी मात्र साफ फसली. तिथे औषध किरणांच्या बरोबरीने दिलं होतं, आणि मानेच्या लसिकाग्रंथींवर रिवाजाप्रमाणे रोज किरण पडत होते. औषधाने ज्यांना उठवायचं, त्यांची छावणीच किरणांखाली होती, असं अनेकांचं म्हणणं आहे. उंदरांवरचे प्रयोग या तर्काला दुजोरा देतात; माणसांत तो अजून सिद्ध व्हायचा आहे.

रक्ताचं गणितही आता मांडलं गेलं आहे. मेंदूच्या गाठीला ३० हप्ते देताना रोज वेगळं रक्त किरणांखालून वाहतं, आणि शेवटी शरीरातल्या जवळपास सगळ्या रक्ताला लिम्फोसाइटला बाधेल इतका प्रसाद मिळालेला असतो. तीच मात्रा थोड्या, मोठ्या हप्त्यांत दिली तर कमी रक्त सापडतं. पण हप्ता फारच मोठा झाला तर पेशीतलं ट्रेक्स-१ हे विकर तुटका डीएनए खाऊन टाकतं आणि टी-पेशींना बोलावणारी हाकच दबते. गाठीत आधीपासून तळ ठोकून बसलेल्या टी-पेशी तर रक्तातल्या भावंडांपेक्षा बऱ्याच चिवट असतात, असं २०१९ मध्ये दिसून आलं.

उपचाराचा आराखडा आखताना संगणकाच्या पडद्यावर पाठीचा कणा, हृदय, लाळग्रंथी अशा जपायच्या अवयवांभोवती रेषा काढतात. काही केंद्रांतल्या चाचण्यांत आता त्या यादीत प्लीहा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि रोग न पोचलेल्या लसिकाग्रंथीही येऊ लागल्या आहेत. मात्र अशी ग्रंथी सोडून दिली आणि तिच्यात चुकून चार कर्कपेशी लपलेल्या निघाल्या तर काय, यावर किरणतज्ज्ञांचं अजून एकमत नाही.