घड्याळाची साक्ष

जुनी वस्तु आधीं तपासावी आणि मग विकत घ्यावी, हा साधा नियम इतिहासाच्या अध्यापकास कोणीं शिकवावयास नको. आम्हीं तो मोडला. मुंबईतील जुन्या वस्तूंच्या एका दुकानांत चांदीच्या डबीचें एक मनगटी घड्याळ आमच्या दृष्टीस पडलें. "१९१७ सालचें, खंदकांत लढलेल्या अधिकाऱ्याचें," असें दुकानदारानें सांगितलें आणि आम्ही भारावून गेलों. पुढल्याच आठवड्यांत पहिल्या महायुद्धावरील व्याख्यानांत आम्हीं तें विद्यार्थ्यांच्या हातीं फिरविलेंही!

कथा असंभाव्य नव्हती. त्या युद्धापूर्वीं यूरोपांत मनगटी घड्याळ हा बहुतांशीं स्त्रियांचा अलंकार समजत. पुरुषाचें घड्याळ खिशांत असे. परंतु तोफांचा मारा ठरल्या मिनिटास पुढें सरकावयाचा आणि त्याच्या मागोमाग शिपायांनीं निघावयाचें, अशा लढाईंत खिसा चाचपण्यास सवड कोणास? अंधारांत वेळ दिसावी म्हणून आंकड्यांवर रेडियमयुक्त रंग भरीत.

शंकेचा उगम या रंगांतच झाला. एका रात्रीं दिवा मालविल्यावर आंकडे हिरवेगार चमकूं लागले, ते पहांटेपर्यंत चमकत राहिले. रेडियमचें अर्धायुष्य सुमारें १६०० वर्षें. तें शतकभरांत संपत नाहीं. तथापि त्याच्या माऱ्यानें प्रकाशणारें जस्त-गंधकाचें संयुग कांहीं दशकांतच निकामी होतें. अर्थात् हा रंग नवा होता.

मग घड्याळजीकडून झांकण उघडविलें. तोलचक्राच्या मध्यावर तंतुवाद्याच्या आकाराची एक इवलीशी स्प्रिंग दिसली. घड्याळ पडल्यास चक्राचा आंस मोडूं नये म्हणून योजिलेली ही 'इन्काब्लॉक' युक्ति १९३४ च्या सुमाराची! डबीवरील छाप मात्र खरे ठरले. परदेशांतून आलेल्या चांदीच्या डब्यांवर ब्रिटिश परीक्षण-कचेरीचा छाप १९०७ पासून सक्तीचा झाला. त्यांत वर्षाचें अक्षरही असे. आमच्या डबीवरील अक्षर युद्धकाळचेंच निघालें.

म्हणजे डबी युद्धकाळची, यंत्र मागाहूनचें आणि तबकडीवरील रंग कालपरवांचा. जुन्या कागदपत्रांतही हा प्रकार आढळतो: शिक्का अस्सल, मजकूर मागाहून घुसडलेला. एक खूण खरी निघाली म्हणून सबंध वस्तु खरी ठरत नाहीं. प्रत्येक भागाची साक्ष निराळी घ्यावी आणि मग त्या साक्षी एकमेकींशीं जुळतात कीं काय, तें पाहावें. यंत्र बदलणें हा अपराध नव्हे. एखाद्या मालकानें तें प्रामाणिकपणें दुरुस्तीसाठीं बदललें असेल. लबाडी सुरू होते ती त्यास १९१७ चें म्हणून विकतांना.

चिरंजिवांनीं सुचविलें, "बाबा, जशी कथा ऐकून घेतलेंत, तशीच सांगून विकून टाका." पैसे परत आले असते, हें खरें. पण विद्यार्थ्यांस सांगितलेलें असत्य परत आलें नसतें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं तेंच घड्याळ वर्गांत पुन्हां फिरविलें. या खेपेस झांकण उघडून.